इंटरफिअरन्स शून्य, तरी गाडी अडते!

बाहाची गाडी असो नाहीतर फायनल इयरचा प्रोजेक्ट, सॉलिडवर्क्समध्ये पूर्ण असेंब्ली उभी राहिली की कुणीतरी म्हणतंच, ‘‘एकदा इंटरफिअरन्स बघून घे रे.’’ इव्हॅल्युएट टॅब, इंटरफिअरन्स डिटेक्शन, कॅल्क्युलेट. आणि मग मारुतीच्या शेपटासारखी यादी उलगडत जाते. हा पार्ट त्याच्यात घुसलाय, तो तिसऱ्यात. निम्मी टीम घाबरते. उरलेले सगळं सिलेक्ट करून ‘इग्नोर’ मारतात आणि चहाला जातात. खरी गडबड इथेच होते, कारण ‘इग्नोर’ केलेली ओळ पुढच्या चेकलाही यादीत येत नाही. मधल्या काळात तो पार्ट कुणी बदलला असेल तरी!

यादी एवढी लांबते ती बहुतेक वेळा बिचाऱ्या बोल्टमुळे. एम-८चा बोल्ट मॉडेलमध्ये ८ मिमीचा गुळगुळीत दांडा असतो. आटे कोण काढत बसणार? समोरचं भोक मात्र टॅप मारण्याआधीच्या ड्रिलच्या मापाचं, म्हणजे ६.८ मिमीचं. प्रत्यक्षात आट्यात आटे बसतात. सॉफ्टवेअरला दिसतं ते एवढंच, की ८चा दांडा ६.८च्या भोकात शिरलाय. चाळीस बोल्ट, चाळीस ओळी. त्यासाठी ऑप्शन्समध्ये ‘क्रिएट फास्टनर्स फोल्डर’ आहे. टिक केलं की नट-बोल्ट बाजूला होतात. नव्या आवृत्त्यांमध्ये जुळणाऱ्या कॉस्मेटिक थ्रेडसाठीही वेगळं फोल्डर मिळतं आणि ते जास्त कामाचं आहे. १.२५ पिचचा बोल्ट १ पिचच्या भोकात लावला असेल तर ती ओळ फोल्डरमध्ये न जाता यादीतच राहते. डोळे झाकून इग्नोर करणाऱ्याला ही चूक वर्कशॉपमध्ये पाना हातात घेतल्यावर कळते.

दुसरा ऑप्शन आपल्या गाडीवाल्यांसाठी फार महत्त्वाचा, पण त्याकडे सहसा कुणी बघत नाही. रोल केज वेल्डमेंटमध्ये काढलेला असतो. म्हणजे पाइप कितीही असले तरी सॉलिडवर्क्सच्या लेखी तो एकच पार्ट, फक्त अनेक बॉडीजचा. एक पाइप ट्रिम करायचा राहून दुसऱ्याच्या आरपार गेला, तरी एरवीचा चेक गप्प बसतो. ‘इन्क्लूड मल्टिबॉडी पार्ट इंटरफिअरन्सेस’ टिक केलं तरच तो बोलतो.

‘ट्रीट सबअसेंब्लीज ॲज कम्पोनंट्स’चं उलटं. ते टिक केलं की अख्खा गिअरबॉक्स एक ठोकळा धरला जातो आणि त्याच्या आतल्या धडका यादीत येत नाहीत. गिअरबॉक्स आणि फ्रेम यांच्यातलं बघायचं तर उत्तम. पण ‘आतलं तो बघेल’ असं सगळेच म्हणाले, तर आतलं कुणीच बघत नाही.

आता समजा यादी खरोखर शून्यावर आली. तरी चेकने तपासलं काय? गाडी उभी असतानाची एक पोझिशन. सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, अशा टोकाच्या पोझिशनला टाय रॉड कुठे जातो, ते वेगळं बघावं लागतं. मूव्ह कम्पोनंटमधलं ‘कोलिजन डिटेक्शन’ त्यासाठीच आहे. पार्ट फिरवा, धडकला की थांबतो. शिवाय न धडकणं म्हणजे पुरेशी जागा असणं नव्हे. बाहाच्या नियमात हेल्मेट आणि केजच्या वरच्या भागात किमान १५२ मिमी, तर ड्रायव्हरचे खांदे, कोपर, गुडघे यांच्याभोवती ७६ मिमी मोकळी जागा लागते. त्यासाठी ड्रायव्हरचा पुतळा मॉडेलमध्ये बसवून ‘क्लिअरन्स व्हेरिफिकेशन’ला तो आकडा द्यायचा. पुतळा टीममधल्या सगळ्यात उंच ड्रायव्हरच्या मापाचा हवा. नाहीतर पिथमपूरच्या इन्स्पेक्शनला तो उंच मुलगा आत बसतो आणि मग ग्राइंडर शोधायची पाळी येते.

हे काम मोठ्या कंपन्यांनाही चुकलेलं नाही. बोइंगने ७७७ कॅटिया वापरून पूर्णपणे कॉम्प्युटरवर डिझाइन केलं. सुरुवातीला विश्वास नव्हता म्हणून नाकाच्या भागाचा खराखुरा सांगाडा बनवून पाहिला. तो इतका बरोबर जुळला की पुढचे सांगाडे रद्द झाले. १९९४मध्ये विमान उडालं. उलट एअरबस ए-३८०च्या वेळी हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथल्या टीम कॅटियाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होत्या. प्रत्येक विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर, आणि जोडणीच्या वेळी हार्नेस तोकडे पडले. २००६मध्ये कंपनीला डिलिव्हरी पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. एकूण उशीर दोन वर्षांवर गेला.

तुमच्या मॉडेलमध्ये तर वायरिंग बहुधा नसतंच. वेल्डचा फुगवटा नसतो, ब्रेकची होज नसते, पाना फिरवायला लागणारी जागाही नसते. यातलं काय काढायचं आणि काय नुसतं लिहून ठेवायचं, हे टीमने बसून ठरवायचं असतं. इग्नोर केलेल्या प्रत्येक ओळीपुढे शीटमध्ये कारण आणि नाव लिहा. पाइप कटिंगला पाठवायच्या आदल्या दिवशी ‘शो इग्नोर्ड इंटरफिअरन्सेस’ टिक करून ती यादी पुन्हा एकदा वाचा, आणि वाचायला फ्रेम न काढलेल्या कुणाला तरी बसवा.