मूळ मूर्ती आणि रंगीत प्रतिकृती



म्युनिक किंवा बर्लिन येथील वस्तुसंग्रहालयांत मध्ययुगाच्या अखेरच्या काळातील लाकडी संतमूर्ती पाहून आलेला प्रवासी बहुधा एकच आठवण सांगतो: तपकिरी, उघडे लाकूड आणि त्यातून उमललेले शांत चेहरे. त्याच प्रवाशाला एखाद्या दुकानात तसल्याच मूर्तीची हाताने रंगविलेली लहान प्रतिकृती दिसते. सोनेरी झगा, निळे अस्तर, गुलाबी गाल. तो नाक मुरडतो आणि म्हणतो, ‘मूळ किती साधे, आणि ही किती भडक!’ त्याचा हा न्याय पुष्कळदा उफराटा असतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पंधराव्या शतकातील जर्मनीत मूर्तिकाराने छिन्नी खाली ठेवली म्हणजे मूर्ती पुरी झाली, असे सहसा कोणी मानीत नसे. मूर्ती लिंडन वृक्षाच्या मऊ लाकडाची असे आणि ती तडकू नये म्हणून तिची पाठ कोरून पोकळ केलेली असे. तेथून ती रंगाऱ्याच्या हाती जाई. अनेक शहरांत हा निराळ्याच पेशाचा माणूस असे. तो प्रथम लाकडाला सरस पाजी, भेगांवर व सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवी आणि मग खडूची पूड व सरस यांचे लेप एकावर एक चढवून ते घासून गुळगुळीत करी. सोने जेथे यावयाचे तेथे तांबड्या चिकणमातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि तो वर्ख गुळगुळीत दगडाने किंवा जनावराच्या दाताने घोटून आरशासारखा केलेला. अस्तराचा निळा रंग बहुधा ॲझुराइट या तांब्याच्या खनिजाचा. तो सरसात कालवून निस्तेज ठेवीत, म्हणजे शेजारचे सोने अधिक झळके. चेहरा व हात तेवढे तैलरंगात. कारण एका छटेतून दुसरी छटा अलगद निघावी, हे तेलातच साधते. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी होताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे काम सर्वांत कसबी हाताकडे का सोपवीत, हे निराळे सांगावयास नको.

पुढे अभिरुची पालटली. रंग म्हणजे भोळ्या भाविकांचा शौक आणि उघडे द्रव्य हीच खरी कला, असे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील सुशिक्षितांस वाटू लागले. कित्येक मूर्ती तीव्र क्षारांच्या पाण्याने धुवून काढण्यात आल्या. रंगाबरोबर खडूचा थरही गेला, आणि त्या थरात रंगाऱ्याने घडविलेले बारकावेही त्याबरोबर गेले. ज्या मूर्ती यातून वाचल्या, त्यांतील काहींवर प्रतिकृती करणाऱ्यांनीच घाला घातला, ही त्यातली दुर्दैवाची गोष्ट. प्लास्टरचे साचे घेताना उरलेसुरले रंगाचे पापुद्रे साच्यालाच चिकटून निघत. आज मूर्तीला हात न लावता प्रकाशकिरणांनी तिचे माप घेता येते. पण गेलेला रंग त्याने परत येत नाही.

आजच्या बहुतेक प्रतिकृती कृत्रिम राळेत दगडाची किंवा लाकडाची पूड मिसळून साच्यात ओतलेल्या असतात. इटलीच्या उत्तर टोकाला ग्रोडेन नावाचे खोरे आहे. तेथे लाकूड कोरण्याचा धंदा सतराव्या शतकापासून चालत आला आहे. नमुन्यावर सुई फिरवावी आणि तिच्या बरोबरीने फिरणाऱ्या कात्यांनी एकाच वेळी अनेक मूर्ती कोराव्यात, अशी यंत्रे आता तेथे आहेत. रंगाचे काम मात्र हातानेच होते. चांगल्या कारागिराच्या हातची प्रतिकृती पाहिली म्हणजे मूळची भाषा कळते: घोटलेले सोने व निस्तेज निळा यांचा झगडा, गालावरची विरत जाणारी लाली. हलक्या प्रतीच्या मालात सारा रंग एकाच चकाकीचा असतो. त्याहून मला खटकते ते घड्यांतून तपकिरी रोगण फासून आणलेले खोटे जुनेपण. अशी मूर्ती ना मध्ययुगातल्या भाविकाने पाहिली, ना आजच्या संग्रहालयात आहे.

परंतु सरसकट ‘रंग तोच खरा’ असेही म्हणता येत नाही. टिल्मान रीमेनश्नायडर या थोर मूर्तिकाराने १४९० ते १४९२ या काळात म्यूनरश्टाट या गावच्या चर्चसाठी मेरी मॅग्डालेनची वेदी घडविली आणि ती रंगाविनाच, लाकडाच्या रूपात उभी केली. गावाला हे रुचले नसावे. बारा वर्षांनी फाइट श्टोस हा दुसरा थोर मूर्तिकार तेथे आला. त्याने बनावट दस्तऐवज केला म्हणून १५०३ मध्ये न्यूर्नबर्गच्या न्यायसभेने त्याच्या दोन्ही गालांवर तापल्या लोखंडाचे डाग दिले होते आणि शहर सोडण्यास मनाई केली होती. ती मोडून तो येथे जावयाकडे आला होता. १५०४-०५ मध्ये त्याच्याकडूनच गावाने ती वेदी रंगवून व सोन्याने मढवून घेतली!

कालांतराने वेदी मोडली, मूर्ती पांगल्या आणि श्टोसचा रंगही उतरला. देवदूतांनी उचलून धरलेली, सर्वांगी केस असलेली मॅग्डालेन आज म्युनिकला आहे, चार शुभवर्तमानकार बर्लिनला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चमध्ये वेदी पुन्हा जुळविली, तेव्हा गेलेल्या मूर्तींच्या जागी लाकडी प्रतिकृती बसविल्या. आता प्रश्न पडला असणार की, पहिल्या बारा वर्षांचे रूप खरे की नंतरचे? प्रतिकृती न रंगविताच ठेवल्या आहेत. श्टोसने त्याच वेळी वेदीच्या दारांसाठी संत किलियनच्या कथेची चार चित्रे काढली होती. ती मात्र अद्याप त्याच चर्चमध्ये आहेत, आणि त्याचा रंगाचा हात कसा होता हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याला त्या चार फळ्यांपुढेच उभे राहावे लागते.