जमिनीवरून उठायचं कसं

सकाळी ६.३०

डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये बसायला मिळालं तर थिसिसची दोन पानं वाचून होतात. नाही मिळालं तर माणसांचे पाय बघते. साडेचार वर्षांची फिजिओथेरपीची पदवी, बीपीटीएच, आता पदव्युत्तर एमपीटीएचचं दुसरं वर्ष. एवढं झाल्यावर कुणाचं चालणं नुसतं चालणं म्हणून दिसत नाही. पुलावरचे ते पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा डावा पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकतात. कधीतरी पक्षाघात होऊन गेलाय. पाऊल घोट्यातून वर उचललं जात नाही, ते जमिनीला घासू नये म्हणून शरीरानं ही पळवाट काढली आहे. ‘आजोबा, पट्टा लावता का पावलाला?’ हे तोंडावर येतं आणि गर्दी पुढे ढकलते.

माझा विषय न्यूरो. पीजीपी-सीईटी या प्रवेशपरीक्षेनंतरच्या फेरीत आमच्यातल्या बऱ्याच जणांचा डोळा मस्क्युलोस्केलेटलवर आणि स्पोर्ट्सवर होता. स्वतःचं क्लिनिक टाकायचं तर गुडघे आणि पाठी परवडतात. न्यूरोचा पेशंट महिनोन्‌महिने चालतो आणि बरेचदा त्याचे पैसे त्याआधीच संपतात.

८.००

महापालिकेचं रुग्णालय आहे, त्यामुळे वॉर्डात खाटांइतक्याच गाद्या खाली. आयसीयूतून सुरुवात. छातीतला कफ सुटावा म्हणून कूस बदलून, हाताच्या कंपनांनी फिजिओ द्यायची, मग सिस्टर सक्शन करतात. मेडिसिन वॉर्डात नवा पक्षाघात आलेला असतोच. कुशीवर कसं ठेवायचं, दुखऱ्या खांद्याखाली उशी कुठे द्यायची, हे नातेवाइकांना शिकवणं हे खरं सकाळचं काम.

आज एक मुलगा वडिलांना उठवत होता. लुळा पडलेला हात मनगटाशी धरून, पूर्ण ताकदीनं. वॉर्डातले मामा माझ्याआधी ओरडले, ‘अरे, हात नको ओढू, मॅडम रोज सांगतात!’ खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असताना हाडाची गोटी खोबणीतून खाली सरकते, आणि असं ओढलं की खांदा कायमचा दुखत राहू शकतो. मुलाला दाखवलं: एक हात पाठीमागे खांद्याच्या फऱ्यावर, दुसरा कमरेला. त्यानं करून बघितलं आणि वडील त्याच्या अपेक्षेपेक्षा हलके निघाले.

९.३०

ओपीडी. बाकावर नंबर लावून बसलेली माणसं मला मॅडम म्हणतात, ताई म्हणतात, एक आजी ‘मालिशवाली’ म्हणतात. २०२५च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. आमच्या विभागात त्यावर तावातावानं चर्चा झाली. आजींना पत्राचं काही नव्हतं. त्यांनी मला पुन्हा मालिशवाली म्हटलं आणि दुखरा हात पुढे केला.

दुसऱ्या क्रमांकावर घोडपदेवचे काका. भाजी मार्केटात हमाली करायचे. उजवी बाजू गेली, आता काठीनं चालतात. आधी कोपराचा ताठरपणा तपासायचा. हाताला आधार देऊन कोपर पूर्ण वाकवलेलं धरायचं आणि साधारण एका सेकंदात सरळ करायचं. अर्धी वाट ओलांडली की काहीतरी अडकतं, मग उरलेल्या वाटेवर हलका विरोध होत राहतो. सुधारित ॲशवर्थ मापनात याला १+ म्हणतात. हे फार वेळा करून चालत नाही. स्नायू ताणत राहिलं की तो मूळचा ताठरपणा बदलतो आणि कागदावर खोटा आकडा पडतो. नवशिके विद्यार्थी खात्री करायला चार-पाचदा करतात. खात्री पहिल्याच वेळी करायची, हे पदव्युत्तरला आल्यावर हातात बसतं.

मग खुर्चीतून उठणं. पावलं मागे घ्या, पुढे वाका, नाक बोटांच्या पुढे येऊ दे, आता उठा. काका उठले. जिनाही चढून दाखवला. मी खुशीत म्हटलं, ‘काका, आता काय राहिलं?’

‘चढतो की जिना. पण ताई, घरी खालीच बसायचं ना. बसलो की उठवायला पोरगा लागतो. तो कामावर गेला की संध्याकाळपर्यंत मी तिथंच.’

चाळीतली एक खोली, त्यात पाच माणसं. पलंग नाही, खुर्ची एक, तीही नातीच्या अभ्यासाची. जेवण खाली, झोप खाली, टीव्ही बघायचं तेही खाली. आणि आमच्या विभागात प्लिंथ म्हणजे व्यायामाचा उंच पलंग आहे, समांतर बार आहेत, लाकडी पायऱ्या आहेत. चटई असते ती बहुधा सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी.

मोजपट्ट्यांचंही तेच. बार्थेल इंडेक्स १९६५चा, अमेरिकेतल्या मेरीलँडचा. दहा बाबी, शंभर गुण. त्यात पलंगावरून खुर्चीत जाता येतं का हे आहे, जिना आहे, संडास आहे. जमिनीवरून उठता येतं का, हे नाही. बर्ग बॅलन्स स्केल कॅनडात तयार झालं. चौदा बाबी, ५६ गुण. त्यात जमिनीवरची वस्तू वाकून उचलायची असते, जमिनीवर बसायचं नसतं. काकांना बार्थेलवर नव्वदीच्या पुढे गुण आहेत. कागदानुसार माणूस जवळजवळ स्वतंत्र, आणि घरी मुलाच्या शिफ्टवर अवलंबून. ज्यांनी ही मापनं केली त्यांच्या पेशंटांच्या घरी पलंग होते, त्यात त्यांचा दोष नाही. दोष आमचा, की आम्ही ती तशीच छापून घेतली.

माझा थिसिस याच जागेवर आहे: पक्षाघातानंतर जमिनीवरून उठण्याचा सराव. विषय सुचवला गाइड मॅडमनी, पण पटवला असल्या काकांनी.

तर आज प्लिंथ सोडून चटई. आधी धडक्या कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन एका बाजूला पाय घेऊन बसायचं. समोर स्टूल. धडका हात त्यावर टेकवून दोन्ही गुडघ्यांवर यायचं. इथं खरी परीक्षा, कारण आता दुबळ्या गुडघ्यावर वजन घ्यावं लागतं आणि कंबर त्या बाजूला कलंडते. मी मागे गुडघ्यांवर, हात त्यांच्या कमरेच्या दोन्ही अंगांना. मग धडकं पाऊल पुढे टेकवायचं आणि हात व पाय दोन्हींनी रेटा देऊन उठायचं. काका अर्ध्यावर थांबले, श्वास सोडला, पुन्हा खाली बसले. पुन्हा आले. उचलून द्यावंसं वाटतं, दोन सेकंदांचं काम असतं. पण मी उचललं तर उठणं माझ्या पाठीनं शिकायचं, त्यांच्या पायानं नाही. तिसऱ्या खेपेला माझे हात कमरेला टेकलेले होते, धरलेले नव्हते.

‘हात कधी येणार?’ हा प्रश्न जाताना येतोच. पाय लवकर सुधारतो, हात मागे राहतो, आणि सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या काही महिन्यांत होऊन जातो. हे सगळं सांगते, पण एका दमात नाही.

१२.१५

तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं क्लिनिकल. सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर कुठे टेकवायचा यावर वाद घालतात, ते बरं असतं. एकानं जुन्या कपाटातून कॅलिपर काढले, चामड्याचे पट्टे, लोखंडी सळ्या. ‘मॅडम, हे कशाचं?’ पोलिओचं. आपल्याकडे फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण १९५०च्या दशकात परळच्या केईएममध्ये सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, तेव्हा मुंबईत पोलिओची पोरं होती. भारत २०१४मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. या मुलांनी ताजा पोलिओ बघितलेला नाही, बघणारही नाहीत. मीही नाही.

१.३०

डबा. मटकी, पोळी, कुणीतरी आणलेलं लोणचं.

२.००

जर्नल क्लब. आज माझी पाळी. ब्राझीलच्या क्लॉडिओ अराउजो यांची बसण्या-उठण्याची चाचणी मांडली. खाली बसायला पाच गुण, उठायला पाच. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण कमी, तोल गेला की अर्धा. त्यांच्या २०१२च्या अभ्यासात कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. एका ज्युनियरनं चांगलं विचारलं: आपल्याकडे जन्मभर पंगतीत, कीर्तनात, भारतीय संडासात उठबस केलेल्या माणसाला हीच मोजणी लावायची का? उत्तर कुणाकडेच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, ‘चर्चेच्या प्रकरणात लिही,’ म्हणजे काम माझ्याच गळ्यात.

नंतर संख्याशास्त्रवाल्या सरांकडे. नमुन्याचा आकार पुन्हा काढायचा, कारण लोक मधेच येणं सोडतात. चालायला लागलं की घरच्यांना वाटतं झालं. सोबत येणाऱ्याचा खाडा पडतो, टॅक्सीचे पैसे जातात. त्यांना नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. एथिक्स कमिटीनं संमतिपत्राचा मराठी मसुदा दोनदा परत पाठवला होता, तेव्हा चिडले होते. आता वाचते तेव्हा पहिला मसुदा मलाही कळत नाही.

५.३०

परतीची गाडी, उभ्यानं.

रात्री ९.४५

उद्याच्या केस प्रेझेंटेशनची तयारी चालू असताना काकांच्या मुलीचा व्हिडिओ आला. काका चटईवरून उठतायत, पण हात टीव्हीच्या टेबलावर, आणि टेबल चाकांचं. बघूनच पोटात गोळा आला. लगेच व्हॉइस मेसेज पाठवला: ‘ताई, ते टेबल आधी बाजूला करा. लाकडी स्टूल घ्या, भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. बाबांना एकटे असताना करू देऊ नका अजून. आणि सोमवारी येताना ते स्टूल सोबत आणा, उंची मोजायचीय.’

तिचं उत्तर आलं: ‘टॅक्सीत मावेल का?’

मी लिहिलं, मोजपट्टीनं मोजून आकडा पाठवला तरी चालेल.