गोदाकाठचे पैठण



आपले देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात आहे. आपल्या तालुक्यातून शिवना नदी वाहते. पावसाळ्यात तिला लोंढा येतो. ते पाणी जाते कुठे? ते गोदावरीला मिळते आणि पैठणला पोचते. म्हणजे आपले आणि पैठणचे पाण्याचे नाते आहे. त्या गावाची आज ओळख करून घेऊ.

गाव आणि नदी

गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाऊन आंध्रात समुद्राला मिळते. पैठण तिच्या उत्तर काठावर आहे. छत्रपती संभाजीनगरपासून ते दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटर आहे.

पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. दोन हजार वर्षांपूर्वी येथे सातवाहन राजांची राजधानी होती. येथला माल गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदराला नेत. ती वाट वीस दिवसांची होती. तेथून तो जहाजाने परदेशी जाई.

तिथली माणसे

पैठणचे विणकर रेशीम आणि जर यांची पैठणी विणतात. तिच्या पदरावर मोर असतात. एका लुगड्याला कित्येक महिने लागतात. पैठणी झटकन होत नाही, म्हणूनच ती टिकते.

संत एकनाथ महाराज पैठणचेच. सन १५९९ मध्ये त्यांनी गोदावरीत देह ठेवला. तो दिवस फाल्गुन वद्य षष्ठीचा. त्या दिवशी नाथषष्ठीची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या येतात. नाथांची एक गोष्ट सांगतात. उन्हात तापलेल्या वाळवंटात एक अस्पृश्य मानलेले पोर रडत होते. नाथांनी विटाळ मानला नाही. त्याला कडेवर घेतले आणि घरी पोचवले. नदीचे पाणी जात विचारीत नाही, मग माणसाने का विचारावी?

धरण

पैठणजवळ जायकवाडी धरण आहे. सन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. सन १९७६ मध्ये धरण पुरे झाले. त्याची लांबी सुमारे १० किलोमीटर आहे. मोठे दरवाजे २७ आहेत. साठलेल्या पाण्याला नाथसागर म्हणतात. त्यातून मराठवाड्यातील शेतीला पाणी मिळते. संभाजीनगर शहरही हेच पाणी पिते. मात्र या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. आपल्या घोटभर पाण्यामागे कोणाचे तरी घर आहे, हे विसरू नये.

सन २००६ च्या ऑगस्टात धरणातून फार पाणी सोडावे लागले. पैठणच्या सखल वस्तीत पाणी शिरले. लोकांना घरेदारे सोडून उंचावर जावे लागले. म्हणून पाणी सोडण्याची सूचना आली की नदीपात्रात जनावरे, मोटारी ठेवू नयेत. 'मागे नाही आले, आताही येणार नाही' असे म्हणू नये.

कारभार कोण पाहतो?

पैठण हे तालुक्याचे गाव आहे. शहराचा कारभार नगरपरिषद पाहते. नळाचे पाणी, गटारे, दिवे, जन्ममृत्यूची नोंद ही तिची कामे. नगराध्यक्ष आणि नगरसेवक लोक निवडून देतात. मुख्याधिकारी सरकारचा असतो. जमीन, महसूल, शिधापत्रिका यांसाठी तहसील कचेरी असते. धरणातून पाणी सोडणे हे जलसंपदा खात्याचे काम.

आपल्याकडे नगरपरिषद नाही, ग्रामपंचायत आहे. नळ, दिवाबत्ती आणि जन्ममृत्यूची नोंद तिच्याकडे. सातबाऱ्याचे काम तलाठ्याकडे. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तालुक्याची कचेरी कन्नडला.

हे कशासाठी सांगितले? आम्ही एक म्हातारे गृहस्थ पाहिले. सातबाऱ्याच्या कामासाठी ते तीन दिवस भलत्याच कचेरीच्या ओट्यावर बसले होते. तीन दिवसांची मजुरी बुडाली. वर एका मध्यस्थाने पैसे घेतले ते निराळेच. कचेरीची पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. पण त्यांना ती वाचता येत नव्हती.

तुम्हाला आता वाचता येते. कचेरीत गेलात की आधी पाटी वाचा. मग अर्ज वाचा. नंतरच सही करा. दिलेल्या पैशाची पावती मागा. पावती मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.