तिन्हीसांजेची दहा मिनिटं मनीसाठी

आजचा विषय ऐकून काहीजणी हसणार, हे मला माहीत आहे. कर्ज, व्याज, शेळ्या, शिलाई यावर बोलणारी बाई आज सांगणार आहे मांजराशी कसं खेळायचं ते. हसा, पण पुढचं ऐका. आपल्या गटांच्या बैठकीत हा विषय मी काढला नाही, तो तुमच्यातूनच आला. वस्तीवर राहणाऱ्या ताई सांगतात, "मांजर पाळलं की चार-सहा महिने राहतं, मग एक दिवस रात्री बाहेर जातं ते परत येतच नाही." पोरं रडतात, दुसरं पिल्लू आणायचं, पुन्हा तेच.

मांजर कुठं जातं? काही कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, काही रस्त्यावर गाडीखाली जातात, काही विहिरीत पडतात. आणि आपल्याकडं ऊस वाढला तसा उसात बिबट्याही राहू लागला. तो मांजर खातो का, असं बैठकीत एकीनं विचारलं होतं. खातो. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतले केस तपासून तो काय खातो ते पाहिलं. 2014 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसात वजनाच्या हिशेबानं 87 टक्के वाटा माणसाजवळच्या जनावरांचा होता. त्यात कुत्री 39 टक्के आणि मांजरं 15 टक्के. शेळ्या 11 टक्के. म्हणजे शेळीपेक्षा मांजराचा वाटा जास्त! याचं कारण अवघड नाही. शेळ्या आपण रात्री गोठ्यात कोंडतो. कुत्रं-मांजर मात्र मोकळं सोडतो, आणि ते घराच्या मागं, उसाच्या कडेला फिरत राहतं. तिथंच आपली लेकरं शौचाला जातात, तिथंच रात्रीच्या लाईटीत कोणीतरी पाणी धरायला जातं. म्हणून मांजर रात्री घरात असावं, यात त्याचंही भलं आहे आणि आपलंही.

आता तुम्ही म्हणाल, कोंडून बघितलंय की! रात्रभर दाराशी ओरडतं, पातेली पाडतं, अंथरुणावर नाचतं, शेवटी कंटाळून दार उघडावं लागतं. बरोबर आहे. कारण मांजराचं घड्याळ वेगळं आहे. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपतं, आणि शिकारीला त्याला सगळ्यात जास्त जोर चढतो तो तिन्हीसांजेला आणि पहाटे. उंदीर, पाली, किडे यांची हालचाल असते ती वेळ. आपण नेमकं दिवे लागले की दार लावतो. दिवसभर झोपून ताजंतवानं झालेलं जनावर कोंडल्यावर धिंगाणा घालणारच. त्याचा तो जोर आधी खर्च करायचा, मग पोट भरायचं, मग कोंडायचं. दहा मिनिटांचा खेळ त्यासाठी.

मांजराचा खेळ म्हणजे शिकारीची रंगीत तालीम. ओसरीवर बसून एकदा नीट बघा. आधी ते कान टवकारून एकटक बघतं. मग पोट जमिनीला टेकवून सरकतं. मग थांबतं, मागचा भाग हलवतं आणि झडप घालतं. पंज्यात धरतं, चावतं. शिकार खाल्ली की अंग चाटतं आणि झोपतं. हा सगळा क्रम त्याच्या रक्तात आहे. खेळातही हाच क्रम पुरा झाला पाहिजे. आपण बहुतेक वेळा काय करतो? दोरी घेऊन मांजराच्या तोंडासमोर नाचवतो. अगदी नाकाजवळ धरलेली वस्तू मांजराला स्पष्ट दिसतच नाही. शिवाय कोणता उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडात येतो? खेळणं नेहमी मांजरापासून लांब पळालं पाहिजे. जमिनीवरून सरपटत न्यायचं, मधेच थांबवायचं, पाटीच्या मागं लपवायचं, थोडंसं टोक बाहेर काढून हलवायचं. लपलेल्या वस्तूवर मांजर जेवढं पेटतं तेवढं समोरच्या वस्तूवर पेटत नाही. मांजर नुसतं दबा धरून बसलं, हललं नाही, तर त्याला खेळायचं नाही असं समजू नका. दबा धरणं हाही खेळच आहे, आणि त्यातही त्याचं डोकं चालू असतं.

चार-पाच वेळा हुलकावणी द्या, पण मग पकडू द्या. कधीच हाताला न लागणारी शिकार मांजराला चिडवते. हल्ली पोरांकडं चावीला लावलेला लाल उजेडाचा लेझर असतो, जत्रेत मिळतो. तो भिंतीवर फिरवला की मांजर वेड्यासारखं पळतं, आणि सगळ्यांना मजा वाटते. मला तो खेळ पसंत नाही. एक तर उजेड पंज्यात सापडत नाही, आणि दुसरं, तो डोळ्यांत गेला तर मांजराच्या आणि लेकराच्याही डोळ्यांना इजा होते. शेवटी शेवटी खेळणं हळू करायचं, जशी शिकार दमते तसं, मांजराला ते धरू द्यायचं, आणि लगेच त्याचं रात्रीचं खाणं वाढायचं. मग ते अंग चाटत बसेल आणि आडवं होईल.

यासाठी पैसे घालायची गरज नाही. ज्वारीच्या कडब्यातलं एक लांब ताट घ्या, त्याच्या टोकाला जुन्या सुती लुगड्याची बोटभर रुंद, हातभर लांब चिंधी पक्की बांधा. झाली काठी. ताट लांब असल्यामुळं आपला हात मांजरापासून दूर राहतो आणि वाकावंही लागत नाही. ज्यांच्या घरी गुडघ्यानं बसून राहिलेल्या आजी आहेत, त्यांना हे काम द्या. खाटेवर बसल्या बसल्या होतं. आजीचाही वेळ जातो, आणि सुनेला स्वयंपाक करता येतो.

मांजराचा कान फार तिखट असतो, उंदराची बारीक चीची आपल्याला ऐकू येत नाही ती त्याला येते. म्हणून खसखस आवाज होणाऱ्या गोष्टी त्याला आवडतात. वहीच्या रद्दी कागदाचा बोळा, किंवा मूठभर वाळलेलं पाचट जमिनीवर पसरून त्याखाली चिंधी हलवा, मग बघा. कणीस सोलून उरलेला मक्याचा बुरकुंडा गडगडत जातो, तोही चांगला. किराणा दुकानातला पुठ्ठ्याचा खोका आणून त्याला दोन बाजूंनी भोकं पाडून ठेवला तर मांजर तासभर त्यात-बाहेर करतं. हा खोका चार दिवसांनी उचलून ठेवा आणि आठवड्यानं परत काढा. सगळी खेळणी कायम समोर पडून राहिली की त्यांची नवलाई जाते.

आणखी एक युक्ती सांगते, दुपारी शेतात जाताना उपयोगी पडेल अशी. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला बोटाएवढी तीन-चार भोकं पाडा. कडा खरबरीत राहिल्या तर घासून गुळगुळीत करा. आत सुकटाचे चार तुकडे टाका आणि झाकण लावा. बाटली पंज्यानं ढकलली की एखादा तुकडा बाहेर पडतो. आयतं ताटात मिळण्यापेक्षा असं कमावून खाण्यात मांजर रमतं.

दाराची चौकट, गादी, शिलाई मशीनचं कव्हर ओरबाडतं म्हणून मांजराला मारू नका. नखांवरचा जुना पापुद्रा काढायला आणि आपली खूण ठेवायला त्याला ओरबाडावंच लागतं. एखाद्या खांबाला गोणपाट घट्ट गुंडाळा किंवा काथ्याची दोरी वेढून बांधा. खांब इतका उंच हवा की मांजराला अंग ताणून पंजे वर टेकता येतील. झोपायच्या जागेजवळ तो असला तर बरं, कारण उठल्या उठल्या मांजराला आळस देऊन ओरबाडायचं असतं. भिंतीवर एखादी रिकामी फळी दिली तर उंचावरून घरावर लक्ष ठेवायला त्याला फार आवडतं.

आता धोक्याचं. आपल्या गटांत शिलाई करणाऱ्या बऱ्याचजणी आहेत, त्यांनी हे जास्त ध्यानात घ्यावं. सुई ओवलेला दोरा मशीनवर तसाच ठेवू नका. मांजराची जीभ खरबरीत असते, तिचे काटे घशाकडं वळलेले असतात. एकदा दोरा तोंडात गेला की त्याला तो थुंकता येत नाही, गिळतच जातं. दोरा आतड्यात अडकला तर आतडं गोळा होतं, कापलंही जातं. सुतळी, लोकर, नाडी, मांजा, राखी, भेटवस्तूची चमकी फीत, सगळ्यांचं तेच. खेळून झालं की चिंधीची काठीसुद्धा आत टाकून ठेवा. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच पशुवैद्यकाकडं न्या.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. कांदाचाळीत पोरं बारीक कांदे चेंडूसारखे मांजराकडं टाकतात. कांदा आणि लसूण मांजराला विषासारखे आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चाळीतून मांजर नुसतं गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण खेळायला, चावायला कांदा द्यायचा नाही. कांद्याच्या फोडणीचं कालवण भाकरीवर ओतून देतो आपण, तेही नको. लिंबाची काळजी मांजर स्वतःच घेतं, त्याला तो वास सोसत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. हाताची बोटं हलवून पिल्लाशी खेळू नका, पोरांनाही खेळू देऊ नका. दोन महिन्यांचं पिल्लू बोट चावतं तेव्हा गोड वाटतं. तेच वर्षाचं झालं की हात म्हणजे शिकार असं शिकलेलं असतं. मांजर चावलं किंवा त्यानं नख मारून रक्त काढलं तर ते घरचं आहे म्हणून सोडून देऊ नका. मांजरामुळंही रेबीज होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की त्यातून माणूस वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि सांगतील ते सगळे डोस पुरे करा. मांजरालाही लस टोचून घ्या.

बैठकीत एका मावशींनी खडा प्रश्न विचारला होता: "आपण मांजर उंदरांसाठी पाळतो, खेळून दमवलं आणि पोट भरलं तर उंदीर कोण धरणार?" प्रश्न रास्त आहे. माणसाची आणि मांजराची गाठच मुळात धान्यामुळं पडली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं माणसाचं दफन सापडलं, त्याच्या शेजारीच मांजरही पुरलेलं होतं, आणि ते लोक शेतकरीच होते. मावशींच्या प्रश्नावर इंग्लंडमध्ये प्रयोगही झाला आहे. एक्सेटर विद्यापीठानं 219 घरांतल्या 355 मांजरांवर तो केला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध केला. रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळलं तर त्यांनी घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे मावशींची शंका अगदीच खोटी नाही, पण चारातली तीन भाग शिकार चालूच राहिली. कारण भूक वेगळी आणि शिकारीची खोड वेगळी. उपाशी ठेवलं म्हणजे मांजर जास्त उंदीर धरतं हा समज चुकीचा. उपाशी मांजर लांब भटकतं, उकिरड्यावर जातं, शेजारच्या कोंबडीची पिल्लं उचलतं. माझं तर म्हणणं आहे की आपलं धान्य घरात, कोठीत आणि पोत्यांत असतं, मग रात्री मांजर उसात असून काय उपयोग? ते धान्याच्या खोलीत झोपलं तर मधेच जाग आल्यावर जो उंदीर दिसेल तो आपल्या कामाचा उंदीर. फक्त त्या घरात उंदराचं औषध ठेवायचं नाही. औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही जातं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर जगत नाही, त्याला मांसच लागतं. सुकट, माशाचं डोकं, उकडलेलं अंडं, कोंबडीचे उरलेले बिनहाडाचे तुकडे असं रोज काहीतरी द्या. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही, पातळ संडास होते. पाणी मात्र कायम भरलेलं असू द्या.

रात्री कोंडायचं तर शौचाची सोय लागेल. जुन्या घमेल्यात चार बोटं वाळू किंवा कोरडी माती घालून कोपऱ्यात ठेवा, खाण्याच्या जागेपासून लांब. सकाळी घाण काढून टाका. घरात गरोदर सून-लेक असेल तर हे काम दुसऱ्या कोणी करावं, मांजराच्या विष्ठेतून होणारा एक आजार पोटातल्या बाळाला बाधतो. पहिले सात-आठ दिवस मांजर ओरडेल. त्यावेळी दार उघडलं की ते एवढंच शिकतं की ओरडलं म्हणजे दार उघडतं. पहाटे पाचला ओरडत असेल तर खेळाची वेळ थोडी उशिरा न्या, झोपायच्या जरा आधी. नर असेल तर बोकेगिरी, मादी असेल तर माजावर येणं, यात खेळाचा काही उपाय चालत नाही. त्यासाठी पशुवैद्यकाला विचारून नसबंदी करून घ्यावी, नाहीतर एकेका मादीची वर्षाला दोन-तीन वेळा पिल्लं होतात आणि ती वाटत फिरावं लागतं.

पिल्लू मागायला कोणी आलं तर निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्या. साधारण चौथ्या आठवड्यापासून पिल्लं आपसात झटापटी करतात. एकानं जोरात चावलं की दुसरं ओरडून खेळ सोडतं, त्यातूनच किती जोरात चावायचं ते शिकतात. लवकर उचललेल्या पिल्लाला ते कळत नाही, मग ते आपल्याच पोरांच्या पायाला झोंबतं. मात्र या काळात पिल्लांना रोज थोडा वेळ मांडीवर घ्या, माणसांच्या हातांची सवय त्यांना दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात लागते. आणि जमलं तर एकाच वेळची दोन पिल्लं द्या, ती एकमेकांशी खेळतील आणि तुमचं काम निम्मं होईल.