मिरचीची भाजी दमानं शिजवा

मिरची फोडणीत टाकायची, फार तर ठेचायची, असा पुण्या-मुंबईकडचा रिवाज. खानदेशापासून वऱ्हाडापर्यंत मात्र हिरव्या मिरचीची पातेलंभर भाजी होते आणि भाकरीबरोबर घरची सगळी माणसं ती पोटभर जेवतात. बडनेरा आहे वऱ्हाडात, पण रेल्वेच्या लेखी पडलं खानदेशातल्या भुसावळ विभागातलं जंक्शन. ही भाजी मूळची खानदेशची की वऱ्हाडची, हा वाद इथे थंडीभर पुरेल. आपण त्यात पडायला नको. गारठा पडलाय, गंज चुलीवर चढवू.

मिरची लांब, फिकट पोपटी आणि कमी तिखट घ्यायची. लवंगीचं हे काम नव्हे. अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या राजुरा बाजारात हिरव्या मिरचीचा मोठा बाजार रात्रीच भरतो. एवढी मिरची पिकवणाऱ्या जिल्ह्यात ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिकेतून या देशात आली, हे सांगूनही पटत नाही. त्याआधी तिखटाला मिरी होती, पिंपळी होती. त्यातली पानपिंपळी अंजनगाव सुर्जीच्या मळ्यांत अजून पिकते.

चौघांसाठी पाव किलो मिरच्या, वाटीभर तूरडाळ, एक वांगं आणि आंबट चुक्याची अर्धी जुडी. डाळ आधी एकटीच अर्धीअधिक शिजू द्यायची, मग देठ काढलेल्या मिरच्या आणि वांग्याच्या फोडी टाकायच्या. चुका सगळ्यात शेवटी. आंबट आधी पडलं की डाळ शिजता शिजत नाही, कण राहतो, आणि मग चूक सुनेची ठरते! आच मंद ठेवा. मिरची बोटानं दाबली की सालासकट बसली पाहिजे. जास्तीचं पाणी काढून ठेवा, फेकू नका. आता रवीनं घोटा. मिक्सरमध्ये तिची चटणी होते, भाजी नाही.

फोडणीत तेल सढळ हवं. मोहरी, जिरं, ठेचलेला भरपूर लसूण, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, हळद. दाणे तांबूस झाले की घोटलेली भाजी टाका, काढून ठेवलेलं पाणी अंदाजानं घाला, मीठ घाला आणि कडेनं तेल सुटेपर्यंत रटरटू द्या. लाल तिखट अजिबात नको. वरून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर.

इतकं शिजवून तिखटपणा जातो, असं पुष्कळांना वाटतं. तो जात नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन साध्या उकळीला दाद देत नाही. ते फक्त डाळीत, तेलात विखुरतं. म्हणून पहिला घास सौम्य वाटतो आणि तिसऱ्या-चौथ्याला कानशिलं तापतात. तिखट कमी हवं असेल तर नुसत्या बिया झटकून भागत नाही. तिखटाचं मूळ बिया जिला चिकटतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतं, ती काढा.

जीभ भाजते म्हणतो, तेही फार खोटं नाही. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता टिपणारी जी यंत्रणा नसांमध्ये असते, तीच कॅप्सायसिननं जागी होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ती १९९७ मध्ये शोधली. २०२१ च्या वैद्यक नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. थंडीत ही भाजी खाऊन ऊब वाटते ती अशी. गंमत म्हणजे पाठोपाठ येणारा घाम अंग थंडच करतो.

सोबत कळण्याची भाकर हवी: ज्वारी आणि काळे उडीद मिठासह दळलेलं पीठ. गव्हाची पोळी या भाजीपुढे टिकत नाही, हे माझं मत; पटत नसेल तर एकदा दोन्हींबरोबर खाऊन पाहा. ताटात कच्चा कांदा आणि वाटीभर दही. तोंड पेटलं की पाण्याच्या तांब्याला हात घालू नका. कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, ते नुसतं तोंडभर पसरतं. दही खा, नाहीतर दूध प्या. आणि पहिल्यांदाच करत असाल तर पाव किलोच्या निम्म्याच मिरच्या घ्या.