पिकअप घ्यावी की एसयूव्ही? शेतवाटेवरच्या गाडीचा हिशेब



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आमच्या गट कार्यालयात लागणीपेक्षा गाडीचीच चर्चा जास्त रंगते. "साहेब, पिकअप घेऊ का मोठी गाडी? आमची वाट तर तुम्ही बघितलीच आहे." हा प्रश्न गेल्या दोन हंगामांत आम्हाला इतक्यांनी विचारला की एकदा लिहूनच द्यावे असे ठरवले. आम्ही गाड्यांचे तज्ज्ञ नव्हे, आमची पदविका शेतीची. पण आडसालीच्या नोंदी घेत पाणंदी तुडवण्यात उमेदीची वर्षे गेली. गाड्या रुतवल्या, ढकलल्या, ओढून काढल्या. त्या अनुभवावर चार शब्द.

आधी आमची चूक

आमच्या गटात एक वयस्कर सभासद आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांना पिकअप घ्या असे आम्हीच सांगितले होते. बेणे, खत, रोपांचे ट्रे, दुधाचे कॅन, सगळे एकाच गाडीत. सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धवट होता.

आबांची वस्ती डांबरीपासून दीड किलोमीटर आत. मध्ये ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना काळ्या मातीचा चढ. दोन वर्षांपूर्वी जुलैत पावसाची झड लागलेली. रात्री नऊच्या सुमारास धाकट्या सूनबाईंना गोठ्यात घोणस चावली. पोरांनी ताबडतोब पिकअप काढली, सूनबाईंना पुढे बसवले. मागे हौदा रिकामा. ओढ्याच्या चढाला मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, शेपूट सरकले आणि गाडी तिरकी होऊन बांधाला टेकली. शेवटी थोरल्याने ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि पिकअप डांबरीपर्यंत ओढून काढली. यात पाऊण तास गेला. ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष मिळाले, सूनबाई वाचल्या, हे देवाचे उपकार.

चार दिवसांनी आबा भेटले. म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितली तीच गाडी घेतली. पण रिकामी गाडी चढ चढत नाही, एवढं सांगायचं राहिलं बघा." आम्हाला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले सांगणे होय.

रिकामी पिकअप का घसरते?

आपल्याकडच्या बहुतेक माल वाहणाऱ्या पिकअपना जोर मागच्या चाकांवर असतो आणि इंजिनाचे ओझे पुढच्या चाकांवर. हौदा रिकामा असला की मागे वजनच उरत नाही. वजन नाही तर पकड नाही. त्यातून मागचे पाटे ओझ्याच्या हिशेबाने कडक केलेले. रिकाम्या गाडीत ते वाकत नाहीत, म्हणून खड्ड्यात चाक उडते. त्याच गाडीत खताची दहा पोती टाका, तीच वाट ती निमूट चढते. मात्र ओझे हद्दीबाहेर गेले की पुढचे टोक हलके होते, स्टिअरिंग ऐकत नाही आणि मागची चाके मातीत बुडतात. थोडक्यात, पिकअपला ओझे हवे, पण मापात.

एसयूव्हीत मागची आसने आणि बंद सांगाडा यांचे वजन कायम मागच्या चाकांवर असते. बऱ्याच एसयूव्हींना मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असतात, त्यामुळे उंचसखल वाटेवर चाक जमिनीला धरून राहते आणि आतल्या माणसांची हाडेही शाबूत राहतात.

एकाच घरच्या दोन गाड्या

फरक नेमका बघायचा तर टोयोटाच्या दोन गाड्या शेजारी ठेवाव्यात. फॉर्च्युनर ही एसयूव्ही, आणि २०२२ साली भारतात आलेली हायलक्स ही पिकअप. दोन्हींचा पाया एकाच जातीचा आणि २.८ लिटरचे डिझेल इंजिनही तेच. पण हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३,०८५ मिलिमीटर आणि फॉर्च्युनरचे २,७४५. लांबी हायलक्सची ५,३२५, फॉर्च्युनरची ४,७९५. म्हणजे पिकअप अर्ध्या मीटरहून जास्त लांब. हा अर्धा मीटर आपल्या शेतात कुठे नडतो? बांध ओलांडताना लांब गाडीचे पोट टेकते, आणि दोन्हीकडे ऊस उभा असलेल्या पाणंदीत ती एका दमात वळत नाही. महिंद्राच्या तीन दारांच्या थारमध्ये हेच चाकांतले अंतर २,४५० मिलिमीटर आहे. म्हणून ती अवघड जागी चटकन निघते. पण तिच्यात धड चार माणसे, आणि सामानाला जागा जेमतेम. एका गाडीत सगळे गुण मिळत नाहीत, हे आधीच मनाशी धरावे.

आणखी एक. एसयूव्ही म्हटली की ती चिखलातली गाडी, असा समज करून घेऊ नका. हल्लीच्या कितीतरी एसयूव्ही दिसायला उंच, पण जोर दोनच चाकांवर. २००० सालापासून गावोगाव पळणाऱ्या बोलेरोला जोर मागच्याच चाकांवर आहे. फॉर्च्युनरसुद्धा टू-व्हीलमध्ये मिळते. तेव्हा विक्रेत्याला दोन गोष्टी स्पष्ट विचारा: जोर चारही चाकांना जातो का? आणि चढासाठी वेगळा लो गिअर आहे का? चिखलात गाडीच्या रूपापेक्षा हीच दोन उत्तरे कामाला येतात.

काळी माती कुणाचीच नाही

चारही चाकांची गाडी घेतली म्हणजे गंगेत घोडे न्हाले असेही नाही. काळ्या मातीने टायरच्या खाचा भरल्या की महागडा टायरही गुळगुळीत होतो. अशा वेळी रेस वाढवली की चाक आणखी खोल जाते. हवा थोडी कमी करावी, चाकापुढची माती फावड्याने काढावी, खाली मुरूम किंवा दगड द्यावा आणि हळू निघावे. डांबरीवर आल्यावर हवा पुन्हा भरायला विसरू नये. पाण्याचेही तसेच. थार ६५० आणि हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असे कंपन्या सांगतात. ते माप साचलेल्या पाण्याचे आहे, वाहत्या ओढ्याचे नव्हे. फरशीवरून पाणी वाहत असेल तर कोणतीच गाडी घालू नका.

रुतलेल्या चाकाखाली वाळलेले पाचट घालण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडा. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी जाळणारी यंत्रणा असते आणि ती जळते तेव्हा धुराडे भलतेच तापते. पाचट पसरलेल्या फडात अशी गाडी चालू ठेवून उभी करणे म्हणजे काडी ओढण्यासारखे आहे. पाचट कुजवा म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, ते गाडीखाली पेटवण्यासाठी नव्हे!

हौद्यात माणसे नकोत

पिकअप घेणाऱ्यांना ही कळकळीची विनंती. तोडीला, भांगलणीला मजूर न्यायचे म्हणून हौद्यात दहा-पंधरा बायामाणसे उभी करू नका. मालाच्या गाडीत बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. गाडी उलटली तर जीव जातात आणि भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येतो. माणसे रोजच न्यायची असतील तर आसनांचीच गाडी घ्या, किंवा दुहेरी केबिनची पिकअप घेऊन आसनांइतकीच माणसे बसवा.

मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला लागतो, हाही खर्च धरावा.

हिशेब कसा करावा?

डायरीच्या मागच्या पानावर तीन रकाने पाडा. वर्षात तीन-चार क्विंटलांवर ओझे किती दिवस? घरची पाच-सहा माणसे एकत्र किती दिवस? आणि वाट खरोखर बंद किती दिवस? बहुतेकांचा तिसरा रकाना पंधरा-वीस दिवसांच्या वर जात नाही. त्या दिवसांसाठी दारात ट्रॅक्टर आहे. तेवढ्यासाठी लाखो रुपये जादा मोजून चार चाकांचा जोर विकत घेणे परवडत नाही. पहिला रकाना मोठा असेल तर पिकअप, दुसरा मोठा असेल तर प्रवासी गाडी. ट्रॅक्टर नाही, वस्ती तुटते आणि घरात म्हातारी माणसे, लेकरे आहेत, अशांनी मात्र फोर-व्हीलचा विचार जरूर करावा. तिथे प्रश्न हौसेचा नाही.

आणि हे विसरू नका: हप्ता दर महिन्याला येतो, आडसालीचे बिल लागणीनंतर दीड वर्षाने.

सगळ्यात स्वस्त उपाय शेवटी सांगतो. ओढ्याच्या चढाला मिळून चार ट्रॉल्या मुरूम टाका. पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना काढली. अशा कोणत्याही योजनेत आपली वाट बसवायची तर आधी बांधकऱ्यांचे एकमत लागते, आणि ते कोणतेही सरकार देऊ शकत नाही.

आबांनी गाडी बदलली नाही. मृग लागला की ते हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, वाळूची सहा पोती बांधून ठेवतात. ट्रॅक्टर रात्री तोंड रस्त्याकडे करून उभा असतो आणि साखळी ट्रॅक्टरवरच असते. परवा आम्ही गेलो तेव्हा सूनबाईंनीच चहा दिला. आबा म्हणाले, "आता लिहा साहेब, सगळ्यांना कळू द्या." म्हणून लिहिले. पटेल ते घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग