महासागरातील आठ महिने: शिडाच्या नौकेवरील जीवनक्रम

भारतीय नौदलातील लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोन महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघालेल्या या अधिकारी २९ मे २०२५ रोजी गोव्यातच परतल्या. या काळात त्यांनी २५ हजार सागरी मैलांहून अधिक अंतर कापले. अशा सफरींच्या वृत्तांतांत वादळांचे वर्णन ठळकपणे येते. परंतु झोप, पाणी, वीज आणि अन्न यांचा रोजचा काटेकोर हिशेब नसेल, तर वादळाला तोंड देण्याचे बळ खलाशांपाशी उरत नाही.

'तारिणी' ५६ फूट लांबीची आहे. गोव्यातील ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ही नौका २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. याच कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'मधून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ही कामगिरी करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

तुकड्यातुकड्यांची झोप

बंदर सोडल्यावर नौका रात्रंदिवस चालूच असते. खोल समुद्रात नांगर टाकता येत नाही. स्वयंचलित यंत्रणा सुकाणू सांभाळते. मात्र वारा वाढला की शिडे आखडणे, तो पडला की पुन्हा उभारणे आणि अन्य जहाजांवर लक्ष ठेवणे ही कामे माणसालाच करावी लागतात. दोघीच असतील तर आळीपाळीने पहारा द्यावा लागतो. त्यामुळे झोप सलग न मिळता काही तासांच्या तुकड्यांत मिळते. अपुऱ्या झोपेने निर्णयशक्ती मंदावते. म्हणून वेळेवर झोपणे हेही नौकेवरील एक कर्तव्यच ठरते.

पाणी, वीज आणि अन्न

सभोवती अथांग पाणी असूनही ते पिण्याजोगे नसते. खारे पाणी सूक्ष्म पडद्यातून मोठ्या दाबाने ढकलून गोडे केले जाते. त्यासाठी वीज लागते. सुकाणूची स्वयंचलित यंत्रणा, दिशादर्शक उपकरणे आणि उपग्रह संपर्क यांनाही तीच वीज पुरवावी लागते, आणि बॅटऱ्या भरण्यासाठी जवळ असलेले डिझेल मर्यादित असते. त्यामुळे अंघोळ आणि भांडी धुणे यांसाठी शक्यतो समुद्राचे अथवा पावसाचे पाणी वापरले जाते.

प्रारंभीच्या दिवसांत पालेभाज्या आणि फळे संपवली जातात. त्यानंतर कोबी, बटाटे, कांदे आणि अखेरीस वाळवलेले किंवा डबाबंद अन्न, असा क्रम असतो. नौका कलली तरी भांडी पालथी होऊ नयेत, यासाठी शेगडी दोन्ही बाजूंच्या खिळींवर झुलती बसवलेली असते.

मदत दूर असताना

दक्षिण गोलार्धात ४० अंश अक्षांशाच्या खाली पश्चिमेचे वारे फारसा अडथळा न येता वाहतात. तेथे डेकवर जाताना कमरेचा पट्टा दोरीने नौकेला अडकवणे अनिवार्य असते. शिडाची नौका वेगात असताना तत्काळ मागे वळवता येत नाही आणि पाण्यात पडलेली व्यक्ती लाटांआड काही क्षणांत दिसेनाशी होते.

न्यूझीलंडमधील लिटलटन ते फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले हा टप्पा पार करण्यास 'तारिणी'ला सुमारे दीड महिना लागला. या मार्गावर ती पॉइंट निमोजवळून गेली. या स्थानापासून सर्वांत जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी सुतार, यंत्रज्ञ आणि परिचारिका या तिन्ही भूमिका नौकेवरील दोघींनाच पार पाडाव्या लागतात.

बिघाडाचे गांभीर्य यावरून स्पष्ट होते. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून केलेल्या प्रदक्षिणेत सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसमधील पोर्ट लुईस येथे अनियोजित थांबा घ्यावा लागला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. फ्रान्सचे मत्स्यव्यवसाय गस्ती जहाज 'ओसिरिस' त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तीन दिवस उलटले होते.

या कारणास्तव दोरखंडांची झीज, जोडांवरील ताण आणि तळाशी साचलेले पाणी यांची नियमित तपासणी केली जाते. झिजलेला दोर दिवसाच्या उजेडात, शांत समुद्रावर बदलणे थोड्या वेळाचे काम असते. तोच दोर रात्री वादळात तुटला, तर शिडासह नौका आणि माणसेही संकटात सापडतात.